थियाच्या गालावरचा तीळ

१

थिया मेली ती सोमवारी दुपारी चार वाजता, आणि तिने मरायचं होतं शनिवारी. या पाच दिवसांच्या फरकापायी निम्मं लंडन रस्त्यावर उतरलं.

थिया हॉलोवे काही हाडामांसाची बाई नव्हती. 'पुलावरची थिया' या कादंबरीची ती नायिका. 'जॅकडॉ' या आमच्या विनोदी साप्ताहिकात कादंबरीचे अकरा हप्ते छापून झाले होते आणि बाराव्याची लोक चातकासारखी वाट पाहत होते. थिया तापाने अंथरुणाला खिळलेली, एक हात गमावलेला फेलिक्स तिच्या उशाशी, आणि खाली 'क्रमशः'. असल्या जागी वाचकाला आठवडाभर लटकवून ठेवायला काळीज दगडाचं लागतं. लेखक अँब्रोझ टिलियर्डसाहेबांचं तसं अजिबात नव्हतं, म्हणून मला तेव्हाच नवल वाटलं होतं.

टिलियर्डसाहेब मुळात व्यंगचित्रकार. तीस वर्षं त्यांनी 'जॅकडॉ'त शहरातल्या झाडून सगळ्या लब्धप्रतिष्ठितांची टोपी उडवली. पुढे डोळे गेले. अगदी आंधळे झाले नाहीत, पण समोरच्या माणसाच्या जागी त्यांना धुकं दिसायचं आणि धुक्यातून नाक तेवढं बाहेर यायचं. दुसरा कुणी असता तर घरी बसून खोकत राहिला असता. हे सत्तावन्नाव्या वर्षी कादंबरी लिहायला बसले. मित्रांना वाटलं, बिचाऱ्याचं मन रमेल. पण तिसऱ्या हप्त्यानंतर त्याच मित्रांच्या बायका नवऱ्यांना विचारू लागल्या, "पुढे काय होतं हो? तुम्हाला ठाऊक असेल!"

मी केझाया पार्जिटर, वय बावन्न, लग्न केलेलं नाही आणि त्याचा पश्चात्तापही नाही. माझा धंदा लाकडावर ठसे कोरायचा. साहेबांची चित्रं मी चोवीस वर्षं कोरली. आता लाकडाची सद्दी संपली. चित्राचा फोटो काढतात, तो जस्ताच्या पत्र्यावर उतरवतात आणि ॲसिडमध्ये बुडवतात, की झाला ठसा तयार. मी त्या पत्र्यांचे खरखरीत कोपरे घासून देते. हिऱ्याला पैलू पाडणाऱ्याने बटाटे सोलावेत तसं वाटतं, पण बटाटेही कुणीतरी सोलायला हवेतच.

तर त्या सोमवारी 'इव्हनिंग लँटर्न' या सांजदैनिकाने पहिल्या पानावर चित्र छापलं. थिया बिछान्यावर, डोळे मिटलेले. शेजारी फेलिक्स मान खाली घालून उभा. चौकड्यांची गोधडी, भिंतीवर व्हायोलिनसारखं फिडल, खिडकीत पूल. खाली ठळक अक्षरांत, 'थिया जाते! जॅकडॉचं गुपित आमच्या हाती!'

मी घरी अंक उघडते न उघडते तोच हेस्टर ब्रॉकबँक आत आली. टोपी तिरकी झालेली, नाक लाल. ही चोवीस वर्षांची पोरगी माझ्याकडे वरच्या खोलीत राहते आणि साहेबांकडे लेखनिक म्हणून काम करते. त्यांची पत्रं वाचायची, ते सांगतील ते उतरवून घ्यायचं, चित्र काढताना शेजारी बसायचं.

"बाई, मला काढून टाकलं," ती म्हणाली आणि जिन्यावरच बसली. "चित्र मीच विकलं म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"क्रेलसाहेब. बुधवारच्या जेवणापर्यंत कबूल कर म्हणाले. नाही केलंस तर शनिवारच्या अंकात तुझं नाव छापीन, आणि दाखलाही देणार नाही."

दाखल्याशिवाय लेखनिकाला या शहरात कुणी उंबऱ्याशी उभं करत नाही. वर छापील बदनामी झाली, तर पोरीला गाशा गुंडाळून यॉर्कशरला बापाच्या खाणावळीत भांडी घासायला जावं लागणार. मी तिला उठवलं, डोक्यावरची टोपी सरळ केली आणि विचारलं, "केलंस का?"

"बाई!"

"हो किंवा नाही सांग. मला रडं आवडत नाही."

"नाही!" ती ओरडली. नाही म्हणावं तर असं. माझा विश्वास बसला.

"साहेबांना कळवलंस?"

"ते गुरुवारीच व्हिटबीला गेले, समुद्रावर. डॉक्टरांनी डोळ्यांना विश्रांती सांगितलीय. पत्र पाठवलं तरी त्यांना वाचून कोण दाखवणार? ते काम माझंच ना!"

२

दुसऱ्या दिवशी सकाळी मी 'जॅकडॉ'च्या कचेरीत गेले. पायऱ्यांवर काळी फीत बांधलेला कोबी कुणीतरी आणून ठेवला होता. चिठ्ठीत लिहिलं होतं, 'संपादकाच्या डोक्याच्या स्मरणार्थ'. आत टपालाच्या तीन गोण्या होत्या.

संपादक सेप्टिमस क्रेल म्हणजे पोटाने आधी खोलीत येणारा माणूस. तसा दुष्ट नव्हे, पण एकदा म्हटलेलं मागे घेणं त्याला बूट काढण्याइतकं जड जातं.

"पार्जिटरबाई, तुम्ही पत्रे घासा," तो म्हणाला. "हे तुमचं काम नव्हे."

"पत्रे घासून झाले. चित्र कुणी कुणी पाहिलं होतं, तेवढं सांगा."

"चार जणांनी! टिलियर्डने, कारण काढलं त्यानेच. त्या मुलीने, कारण गुरुवारी घेऊन आली तीच. मी, आणि मी ते लगेच लोखंडी कपाटात घातलं. आणि त्या धाकट्या चित्रकाराने, क्वेनेलने, माझ्यासमोर, दोन मिनिटं. आता तुम्हीच सांगा!"

"थिया मरणार हे तरी आणखी कुणाला ठाऊक होतं?"

"टेबलाला." त्याने छाती पुढे काढली.

टेबलाचं महत्त्व 'जॅकडॉ'त देव्हाऱ्यासारखं आहे. दर बुधवारी संध्याकाळी सहाला नऊ पुरुष त्याच्याभोवती जेवायला बसतात आणि पुढल्या अंकाचं मोठं चित्र ठरवतात. मत द्यायचं म्हणजे चमच्याने टेबलावर ठोकायचं. बहुमताने जे ठरेल तो टेबलाचा शब्द, आणि तो मोडायची कुणाची छाती होत नाही. टिलियर्डसाहेबांनी तीस वर्षं टेबलाने सांगितलं ते चित्र काढलं. ती सवय इतकी हाडात मुरलेली, की कादंबरीचा शेवट काय करावा हेही त्यांनी टेबलालाच विचारलं. जगात दुसरा कुठला लेखक असं करेल, असं मला वाटत नाही.

"पाच विरुद्ध चार," क्रेल म्हणाला. "मरण ठरलं. लोक रडले की अंक जपून ठेवतात."

"आणि साहेब काय म्हणाले?"

"काय म्हणणार? टेबलाचा शब्द! पुडिंग खाल्लं नाही, एवढंच."

"बरं, हेस्टरनेच केलं, हे कशावरून?"

क्रेलचे डोळे चमकले. "वासावरून! लँटर्नला चित्र टपालाने आलं. पाकिटाला मासळीचा असा दर्प होता, की त्यांच्या मांजरीने ते पळवलं. ती मुलगी राहते कुठे? तुमच्याकडे! आणि तुमच्या घराखाली काय आहे? ईल माशांच्या रश्श्याचं दुकान!"

आमच्या गल्लीला वास येतो हे खरं आहे, पण ते म्हणायचा अधिकार आमचा.

क्वेनेल मला जिन्यात भेटला. चौतीस वर्षांचा, गुळगुळीत भांगाचा. साहेब निवृत्त झाले की मोठं चित्र याच्याकडे जाणार, म्हणून माझा पहिला संशय त्याच्यावरच होता. मी आडपडदा ठेवला नाही.

"काल लँटर्नच्या कचेरीत काय करत होतात?"

तो कानापर्यंत लाल झाला. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुमच्या बाहीवरच्या मांजराच्या केसांनी. आणि क्रेलला पाकिटाचं कळलं ते कुणाकडून?"

"मी भांडायला गेलो होतो हो! चित्र कुणी दिलं ते सांगा म्हटलं. त्यांनाच ठाऊक नाही. पाकिटावर नाव नव्हतं, टपालाचा शिक्का मांजरीने खाल्लेला. वास मात्र भयंकर. मासळीचा आणि धुराचा, जशी काही मासळी जळत्या घरातून बाहेर काढलीय." मग तो आवाज उतरवून म्हणाला, "खरं सांगू, पार्जिटरबाई? पाचातला पाचवा चमचा माझा होता. थियाच्या मरणाला. तेव्हापासून आई माझ्याशी बोलत नाही."

धुराचा वास. मी ते मनात टिपून ठेवलं. ईलचा रस्सा उकळतात. त्यात धूर कुठून येणार?

३

घरी येऊन मी खिडकीशी बसले, भिंग डोळ्याला लावलं आणि लँटर्नमधलं चित्र रेघ रेघ करून वाचायला घेतलं. शब्द वाचून लोक फसतात, रेघ मला सहसा फसवत नाही. पण ही रेघ कुणाचीच नव्हती. सुताराच्या पेन्सिलीने, जाड, घाईत ओढलेली. काढणाऱ्याने ओळख लपवायची ठरवलंच होतं.

मग थियाच्या गालावरचा तीळ दिसला.

अकरा हप्ते थियाचा तीळ डाव्या गालावर होता. लंडनातल्या पोरी काजळाने डाव्या गालावर ठिपके काढून हिंडत होत्या. या चित्रात तीळ उजव्या गालावर. चोरटा गडबडला, असं म्हणून मी पुढे गेले. फेलिक्सचा डावा हात युद्धात गेलेला, इथे उजवी बाही रिकामी. त्याच्या कोटाची बटणं पाहिली. ती बायकांच्या बाजूला! फिडल, खिडकी, पूल, सगळंच इकडचं तिकडे.

चूक एक असती तर गडबड म्हटलं असतं. इथे तर अख्खं चित्र आरशातलं होतं.

उलटी चित्रं मी जन्मभर पाहिली आहेत. लाकडी ठशावर चित्र उलटंच असावं लागतं. शाई लावून कागदावर दाबलं की ते सुलट उमटतं. म्हणजे चोराने कागदावरचं नव्हे, ठशावरचं चित्र पाहून नक्कल केली. झालं तर! हेस्टर कागद घेऊन आली होती, ठसा तिने पाहिलेलाच नाही.

मी टोपी घातली, दारापर्यंत गेले आणि तिथेच थबकले.

ठसा होताच कुठे? शेवटचं चित्र गुरुवारी क्रेलच्या कपाटात गेलं ते अजून आतच होतं. त्याचा लाकडी तर राहोच, जस्ताचाही ठसा झाला नव्हता. जगात त्या चित्राची उलटी प्रत नव्हतीच. म्हणजे काढणाऱ्याने सुलट चित्र पाहिलं आणि कुणी न सांगता, न कळत, उलटं काढलं. असं कोण करेल? जन्मभर लाकडाशी ज्याची गाठ पडली आहे, त्याचाच हात असा वळेल. क्वेनेल जस्ताच्या जमान्यातला, त्याने लाकूड फक्त खुर्चीत पाहिलंय. क्रेलला साधं वांगं काढता येत नाही.

उलट्या चित्रांत हयात गेलेली आणि हेस्टरच्या घरातच राहणारी एकच व्यक्ती मला आठवली. ती आत्ता दारातल्या आरशात मला दिसत होती.

४

मी चोरी केलेली नाही एवढं मला नक्की ठाऊक होतं, पण क्रेलला ते कोण पटवणार? उलट्या चित्राचं सांगावं तर हेस्टर सुटेल आणि मी अडकेन. रात्र विचारात गेली. दुसऱ्या दिवशीही काही सुचेना, म्हणून चहा करून प्यायले. संकटात चहाइतका अक्कल देणारा पदार्थ नाही. आणि पेल्यातून वाफ वर येताना पाहिली, तशी मी पुन्हा भिंग घेऊन चित्रावर झुकले.

थियाच्या उशाशी तिपाई होती. तिपाईवर पेला. पेल्यातून वळणावळणाच्या तीन रेघा वर निघालेल्या.

वाफ!

"हेस्टर!" मी जिन्याखालून हाक मारली. बुधवारची संध्याकाळ होत आली होती आणि ती वर पेटी भरत होती. "साहेबांच्या खऱ्या चित्रात पेला आहे का गं?"

"पेला? नाही. तिपाईवर मेणबत्ती आहे, विझलेली."

"मेलेल्या माणसाच्या उशाशी गरम चहा कोण ठेवतं?"

ती जिन्यात येऊन उभी राहिली. "कोणीच नाही."

"ती मेली असं ज्याचं मन घेत नाही, तोच ठेवील. आता मला सांग, साहेब चित्र काढताना तू शेजारी बसून नेमकं करतेस काय? हात गाढवासारखा हट्टी झालाय, सारखा लगाम ओढावा लागतो, असं ते म्हणतात ना?"

हेस्टरचा चेहरा पडला. पोरगी हुशार, माझ्याआधी चार पावलं पोचली होती. "काही नाही. बसते नुसती."

"हेस्टर."

"मी तीळ सांभाळते," ती हळूच म्हणाली. "तीस वर्षं त्यांनी थेट लाकडावर उलटंच काढलं ना. आता कागद आला, पण हात ऐकत नाही. पूर्वी स्वतः बघून सुधारायचे. आता दिसत नाही, म्हणून मी सांगते. तीळ डावीकडे, साहेब. बटणं उजवीकडे, साहेब. मी नसले की सगळं..." आणि तिने तोंडावर हात ठेवला.

"सगळं आरशातलं."

"बाई, तुम्ही हे कुणाला सांगायचं नाही!" तिने माझं मनगट धरलं. "त्यांनी टेबलाचा शब्द मोडला हे कळलं तर त्यांना हाकलतील. आधीच डोळे गेलेत. तेवढी एक कादंबरी उरलीय. मी जाते ना घरी. मला भांडी घासता येतात."

मी आयुष्यात फार कमी माणसांना जीव लावला, पण त्या क्षणी या पोरीला लावला. म्हणून तिच्यावर खेकसले. "पेटी ठेव खाली. टोपी घाल. सहा वाजत आलेत."

५

टेबलाच्या खोलीत बाईमाणसाला मज्जाव आहे. दारातला वाढपी म्हणाला, "मॅडम, आजवर इथे कुणी बाई आली नाही." मी म्हटलं, "म्हणूनच एवढा घोळ झालाय," आणि त्याच्या हाताखालून हेस्टरला ओढत आत शिरले.

नऊही जण होते. टिलियर्डसाहेब थेट स्टेशनवरून आलेले, उन्हाने नाक सोललेलं, चेहरा लहान पोरासारखा खुललेला. त्यांना कुणी काही सांगितलेलं दिसत नव्हतं. माझा आवाज ऐकताच त्यांनी पायाजवळचं पुडकं उचललं.

"केझाया! बरी आलीस. हे तुझ्यासाठी, व्हिटबीचे हेरिंग मासे. धुरावर भाजून देतात तिथे. गाडीत अख्खा डबा रिकामा झाला माझ्याभोवतीचा!"

दर्प टेबलभर पसरला. क्वेनेलने वास घेतला, पुन्हा घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनीच त्याला गप्प केलं.

"क्रेलसाहेब," मी म्हटलं, "पाच मिनिटं द्या. मग मला हाकला." मी लँटर्नचा अंक टेबलावर पसरला. "हे चित्र उलटं आहे. तीळ, हात, बटणं, सगळं. याचा ठसा झालेला नव्हता, म्हणजे ठशावरून उतरवलेलं नाही. ज्याच्या हाताला लाकडावर उलटं काढायची सवय आहे, त्यानेच हे काढलं. आणि काढताना हेस्टर जवळ नव्हती. असती तर तीळ डावीकडे आला असता, कारण तिचं तेच काम आहे. तिने केलं म्हणून तुम्ही तिला काढलंत. उलट, ती तिथे नव्हती याचा पुरावा या चित्रात जागोजाग आहे."

"काढलं?" टिलियर्डसाहेबांच्या हातातलं पुडकं खाली पडलं. "कुणाला काढलं?"

क्रेलने हातातला चमचा खाली ठेवला.

"हेस्टर, तू आहेस का इथे?"

"आहे, साहेब."

"तुला काढलं? का?"

"काही नाही, साहेब. गैरसमज झालाय." तिने माझी बाही ओढली. "बाई, पुरे आता. चला."

मी नाव घेतलं नव्हतं आणि घेणारही नव्हते. ते त्यांचं त्यांनीच घ्यायला हवं होतं. साहेब टेबलाची कड चाचपत उभे राहिले.

"मी काढलं ते चित्र," ते म्हणाले. "व्हिटबीच्या खाणावळीच्या माडीवर, एका सुताराकडून मागून आणलेल्या पेन्सिलीने. मासळीवाल्याच्या कागदात गुंडाळून लँटर्नला पाठवलं. मला वाटलं होतं लोक ओरडतील, तुम्ही घाबराल आणि टेबलच आपला शब्द फिरवील. मला तो मोडायचा धीर नव्हता ना, म्हणून लोकांकडून मोडवून घ्यायचा घाट घातला. भित्रा माणूस हुशारी करायला गेला की असं होतं. आणि माझ्यापायी या पोरीला... क्रेल, मला वाचता येत नाही रे. वाचून दाखवणारीच तुम्ही इथे अडकवलीत, मग मला कळणार कसं?"

क्रेल टेबलावरून पुढे वाकला. "पण तू त्याच दिवशी बोलला का नाहीस, अँब्रोझ?"

"तीस वर्षांत कधी बोललो होतो? तुम्ही ठोकायचं, मी काढायचं. पण माणसांची नाकं लांब करणं निराळं आणि माणूस मारणं निराळं. दोन वर्षं मला धूसर दिसतंय. स्वच्छ दिसणारा एकच चेहरा उरला होता, थियाचा, आणि तोच तुम्ही पाच विरुद्ध चार मिटवलात." त्यांनी खिशातून रुमाल काढून नाक शिंकरलं. "शब्द मी मोडलाय. मी चाललो. हेस्टरची माफी मात्र आत्ता, माझ्यादेखत."

क्रेल उठला. बूट काढण्याइतकं जड जातं म्हटलं होतं मी. त्या दिवशी त्याने दोन्ही काढले. "मिस ब्रॉकबँक, मी चुकलो. तुमचं काम तुमचं आहे. आणि दाखला हवा असेल तर तो मी स्वतःच्या हाताने लिहीन."

"दाखला नको," हेस्टर म्हणाली. "पुन्हा ठोका."

"काय?"

"चमचे. पुन्हा ठोका."

बाई आत आली हेच नवल, ती हुकूम सोडते! मग टक्, असा आवाज आला. क्वेनेलने चमचा उचलला होता. "जगू दे तिला," तो म्हणाला. "मला घरी जेवायला मिळायला हवं." टक्, टक्, टक्. मी मोजत नव्हते, पण शेवटी एकटा क्रेल उरला. त्याने गोण्यांचा विचार केला की कोबीचा, देव जाणे. "सांगण्यासारखं नाही," तो पुटपुटला, "पण मीही अकराव्या हप्त्याला रडलो होतो," आणि त्याने असा ठोकला की सुपाची बशी उडाली.

"बस खाली, अँब्रोझ," तो म्हणाला. "टेबलाने शब्द फिरवला. आता मोडलेला असा शब्दच उरला नाही."

साहेब बसले. मग त्यांनी त्या दिवशीचं पुडिंग खाल्लं, दोनदा.

नवा शेवट गुरुवारी एका दिवसात सांगून झाला, पण चित्राशी अडलं. साहेब कागदापुढे बसले आणि पेन्सिल ठेवून दिली. "हात चालत नाही गं. लगाम ओढून ओढून दमलाय."

"मग लाकडावर काढा ना," हेस्टर म्हणाली. "तिथे मी लागतच नाही."

माझ्या कपाटात एक पिवळसर, गुळगुळीत ठोकळा चार वर्षं पडून होता. का ठेवला होता, मलाच ठाऊक नव्हतं. साहेबांनी तो बोटांनी चाचपला, गालाला लावला आणि काढायला सुरुवात केली. हेस्टर शेजारी मांडीवर हात ठेवून गप्प बसली होती. हात असा धावत होता, जणू गाढवाला घरचा रस्ता सापडला. पुढे दोन दिवस मी कोरत बसले. 'जॅकडॉ' त्या आठवड्यात उशिरा निघाला, आयुष्यात पहिल्यांदा. चित्रात थिया उशीला टेकून बसली होती आणि दोन्ही हातांत पेला होता. वाफेच्या त्या तीन रेघा मी जितक्या बारीक कोरल्या, तितकी बारीक रेघ चोवीस वर्षांत मला साधली नव्हती.

ठशाला शाई लावली, कागद दाबला आणि सोलून काढला. साहेबांनी तो ओला कागद नाकाशी धरला, खिडकीकडे नेला, पुन्हा नाकाशी आणला. काही दिसेना.

"तीळ कुठे आलाय गं?" त्यांनी विचारलं.

"डावीकडे, साहेब," हेस्टर म्हणाली.